तीन विषय, एकच वही? विज्ञान, गणित आणि साहित्य यांच्या टिपणांविषयी (चर्चामंचावरील धागा; प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्या सभासदाचे टोपणनाव)

तळटीप :
शिकवण्याच्या निमित्ताने विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या वह्या माझ्या नजरेखालून नेहमी जातात. त्यांत एक गोष्ट सतत खटकते, ती अशी की विज्ञान, गणित आणि साहित्य या तिन्ही विषयांची टिपणे दिसायला अगदी सारखी असतात. वर शीर्षक, त्याखाली अधोरेखित व्याख्या, मग क्रमांक घातलेले मुद्दे आणि शेवटी ‘महत्त्वाचे’ असे लिहिलेली चौकट. भौतिकशास्त्राच्या वहीतली चौकट आणि कवितेच्या वहीतली चौकट यांत फरक काय, असे विचारले तर उत्तर मिळत नाही.

माझे मत असे आहे की टिपणात काय लिहायचे हे त्या विषयात आपल्या हातून नेमके काय निसटते यावर ठरायला हवे. विज्ञानात सूत्र सहसा लक्षात राहते, पण ते कोणत्या अटीवर लागू होते ते निसटते. गणितात उत्तराची रीत डोळ्यांना ओळखीची वाटते, पण अमुक पायरी का घेतली हे निसटते. साहित्यात कथानक आणि कवीचे नाव राहते, पण कोणत्या ओळीमुळे आपल्याला तसे वाटले ती ओळच हाती लागत नाही. म्हणून तिन्ही वह्यांत वेगवेगळ्या गोष्टींना जागा मिळाली पाहिजे, आणि जे पाठ्यपुस्तकात आहेच ते पुन्हा उतरवून काढण्यात वेळ जाऊ नये.

सभासदांना विचारायचे आहे ते इतकेच: तुम्ही या तीन विषयांची टिपणे वेगवेगळ्या पद्धतीने काढत होता किंवा काढता का? काय लिहिता, आणि मुख्य म्हणजे काय मुद्दाम गाळता?

कोरापान :
माझ्या तिन्ही विषयांच्या वह्यांत पद्धतीची एकवाक्यता होती. सुरुवातीची काही पाने अत्यंत सुवाच्य अक्षरात, दोन रंगांत, आणि उरलेली वही संपूर्ण निष्कलंक.

वर्गमूळ :
कोरापान यांची वही निदान प्रामाणिक तरी होती.

धागाकर्तीशी मी अर्धाच सहमत आहे. गणितात ‘टिपणे’ ही कल्पनाच मला संशयास्पद वाटते. सोडवलेले उदाहरण वहीत उतरवून घेतले की विद्यार्थ्याला ते समजल्याचा भास होतो, आणि हा भास गणितातील सर्वांत महाग भास आहे. गणिताची खरी वही म्हणजे सोडवताना झालेल्या खाडाखोडीची वही.

तरीही काही लिहायचेच असेल तर पायरीच्या शेजारी तिचा परवाना, म्हणजे ती का घेता येते याचे कारण, लिहावा, असे मी सांगतो. उदाहरणार्थ, ‘क्षचे वर्गमूळ = क्ष − २’ हे समीकरण घ्या. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की वर्गसमीकरण मिळते आणि त्याची उत्तरे १ आणि ४ येतात. बहुतेक वह्यांत हे दोन्ही आकडे अधोरेखित केलेले दिसतात. पण १ मूळ समीकरणात घालून पाहा: डावीकडे १ येतो आणि उजवीकडे −१. म्हणजे ते उत्तर वर्ग करण्याच्या पायरीने आत आणलेले उपरे उत्तर आहे. या उदाहरणाखाली टिपणात एवढेच वाक्य असावे: ‘वर्ग करताना चिन्हाची माहिती नष्ट होते, म्हणून प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात तपासणे बंधनकारक.’ बाकी सारी आकडेमोड गाळली तरी चालेल, कारण ती गरज पडेल तेव्हा पुन्हा करता येते.

याच्या उलट प्रकार म्हणजे दोन्ही बाजूंना क्षने भागणे. तिथे उपरे उत्तर येत नाही, उलट ‘क्ष = ०’ हे हक्काचे उत्तर हरवते. या दोन धोक्यांची नोंद एकाच पानावर शेजारी शेजारी असेल तर त्या पानाला मी टिपण म्हणेन.

परीक्षानळी :
विज्ञानाच्या बाजूने लिहितो. ‘अट निसटते’ हे धागाकर्तीचे निरीक्षण अचूक आहे. ओहमचा नियम सगळ्यांना येतो, पण तापमान व इतर भौतिक स्थिती कायम असताना हे शब्द वहीत येईपर्यंत गळून पडतात. गतीची समीकरणे त्वरण स्थिर असेल तरच वापरता येतात, हे लिहिलेले नसते, आणि मग तीच समीकरणे स्प्रिंगला टांगलेल्या वजनालाही लावली जातात, जिथे त्वरण क्षणोक्षणी बदलत असते.

परंतु माझ्या अनुभवात याहून मोठा घोटाळा संकेतांचा आहे. ऊष्मागतिकीचा पहिला नियम भौतिकशास्त्राच्या अनेक पुस्तकांत ‘आंतरिक ऊर्जेतील बदल = दिलेली उष्णता − प्रणालीने केलेले कार्य’ असा लिहितात. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत तोच नियम ‘उष्णता + प्रणालीवर केलेले कार्य’ असा असतो. दोन्ही बरोबर आहेत, कारण कार्य कोणी कोणावर केले याचा संकेत बदललेला आहे. आता एकच विद्यार्थी दोन वह्यांत दोन सूत्रे लिहितो, एकीत वजा, दुसरीत अधिक, आणि संकेत कुठेही लिहीत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याला वाटते की आपण एका ठिकाणी चुकीचे उतरवून घेतले. मग तो खाडाखोड करून दोन्ही वह्या ‘जुळवतो’ आणि एक वही खरोखरच चुकीची करून ठेवतो.

भिंगाच्या सूत्राचीही तीच कथा आहे. कार्तीय चिन्हसंकेत (भिंगाच्या मध्यापासून उजवीकडची अंतरे धन, डावीकडची ऋण) वापरला तर त्यात वजाबाकीचे चिन्ह येते, आणि ‘वास्तव अंतर धन’ हा जुना संकेत वापरला तर बेरजेचे. म्हणून विज्ञानाच्या वहीत प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानावर ‘येथे वापरलेला संकेत’ अशी एक नोंद असावी, आणि एकके तर प्रत्येक सूत्राच्या खाली असावीतच.

गाळावे काय, याचे उत्तर असे: व्याख्या. व्याख्या पुस्तकात आहेत. वहीत त्या व्याख्येत न बसणारे उदाहरण लिहावे.

शब्दवेल्हाळ :
साहित्याच्या बाजूने अद्याप कोणी बोलले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

कवितेच्या टिपणांची एक साधी परीक्षा मी घेते. वहीतील वाक्य उचलावे आणि ते दुसऱ्या कोणत्याही कवितेला लावून पाहावे. ‘कवीने येथे निसर्गाचे हुबेहूब वर्णन केले आहे’, ‘भाषा साधी, सोपी व ओघवती आहे’, ‘शेवटची ओळ मनाला चटका लावून जाते’ ही वाक्ये हजारो कवितांना बसतात. जे वाक्य सगळ्या कवितांना बसते ते त्या कवितेविषयी काहीच सांगत नाही. तरीही रसग्रहणाच्या वह्या अशाच वाक्यांनी भरलेल्या असतात, कारण ती उतरवायला सोपी असतात आणि त्यांना गुणही मिळतात, हे कटू असले तरी खरे आहे.

माझ्या मते साहित्याच्या टिपणात तीन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असाव्यात: नेमका शब्द किंवा ओळ आणि तिचे स्थान, ती वाचताना पडलेला प्रश्न, आणि त्या प्रश्नाचे आज सुचलेले उत्तर. ‘आज’ हा शब्द मी हेतुपुरस्सर वापरला आहे. कथेच्या पहिल्या वाचनात निवेदक विश्वासार्ह वाटतो आणि दुसऱ्या वाचनात तो काही लपवत आहे असे दिसते. अशा वेळी जुने टिपण खोडू नये. त्याखाली नवे लिहावे आणि दोन्हींना तारीख घालावी. गणितात जुने चुकीचे उत्तर टिकवण्याचे कारण सावधगिरी हे असते. साहित्यात जुने वाचन टिकवण्याचे कारण वेगळे आहे, कारण अनेकदा ते चूक नसतेच. कथेची ती एक बाजू असते आणि लेखकाने आधी तीच दाखवायचे ठरवलेले असते.

आणखी एक गोष्ट अशी की कोण बोलत आहे हे वहीत लिहिलेले नसते. नाटकातील खलपात्राचे वाक्य ‘लेखकाचा विचार’ म्हणून उद्धृत केलेले आढळते. उताऱ्याशेजारी बोलणाऱ्याचे नाव आणि प्रसंग लिहिला की हा घोटाळा टळतो.

पाटीपेन्सिल :
शब्दवेल्हाळ यांची ‘वाक्य उचलून दुसऱ्या कवितेला लावण्याची’ कसोटी फार आवडली. वाचनखूण साठवली आहे.

मात्र एक शंका आहे. ही सगळी चर्चा हाताने लिहिलेल्या वहीबद्दल आहे असे गृहीत धरले आहे. हल्ली लॅपटॉपवर किंवा टॅबवर टिपणे काढणारे पुष्कळ आहेत. हाताने लिहिल्यानेच लक्षात राहते असे ठामपणे सांगितले जाते, त्यात तथ्य किती?

तळटीप :
२०१४ मध्ये पॅम म्यूलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून हे विधान फार फिरू लागले. व्याख्यान ऐकताना लॅपटॉपवर लिहिणारे विद्यार्थी अधिक शब्द लिहितात, पण ते वक्त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवतात, आणि संकल्पनांवरील प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांपेक्षा मागे पडतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे २०१९ आणि २०२१ मध्ये इतर संशोधकांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला. लॅपटॉपवर शब्दशः उतरवण्याचे प्रमाण अधिक असते हे पुन्हा दिसले, पण चाचणीच्या गुणांतील फरक तसा ठळकपणे दिसला नाही.

म्हणून मी साधनावर भर देत नाही. हाताचा वेग कमी असल्याने निवड करावी लागते, एवढाच हाताचा फायदा आहे. जो कळफलकावरही निवड करतो त्याला तो फायदा मिळू शकतो. गणिताची गोष्ट मात्र निराळी आहे. कळफलकावर अपूर्णांक आणि आकृत्या काढत बसणाऱ्याचे लक्ष गणितावर राहणे कठीण आहे.

गणमात्रा :
किंचित अवांतर, पण विषयाशी संबंधित. उत्तम टिपण किती आटोपशीर असू शकते याचा नमुना साहित्याच्याच वहीत आहे: ‘यमाताराजभानसलगा’. अक्षरगणवृत्तांचे आठ गण, म्हणजे लघु-गुरु (ऱ्हस्व-दीर्घ) अक्षरांचे तीन-तीनचे गट, लक्षात ठेवण्यासाठी हे दहा अक्षरांचे सूत्र आहे. कोणताही गण हवा असेल तर त्याच्या अक्षरापासून सलग तीन अक्षरे घ्यावीत. ‘यमाता’ म्हणजे लघु-गुरु-गुरु हा यगण, ‘ताराज’ म्हणजे गुरु-गुरु-लघु हा तगण, ‘नसल’ म्हणजे तीन लघु असलेला नगण. गणाचे नाव आणि त्याचे रूप दोन्ही एकाच ठिकाणी आले, तेही वेगळा तक्ता न काढता. भुजंगप्रयात वृत्तात चार यगण असतात, एवढे कळले की त्याच्या बारा अक्षरांचे लघुगुरुत्व या सूत्रातून आपोआप उभे राहते. वसंततिलका वृत्ताचे ‘त भ ज ज ग ग’ (शेवटचे दोन ग म्हणजे दोन गुरु अक्षरे) लिहिले की चौदा अक्षरे तयार.

असे असूनही विद्यार्थी हे सूत्र वहीत लिहितात आणि त्याखाली आठही गणांचा तक्ता पुन्हा काढतात.

वर्गमूळ :
गणमात्रा यांनी ज्याला अवांतर म्हटले ते मुळीच अवांतर नाही, आणि त्यात गणिताची एक सुंदर गोष्ट दडलेली आहे.

लघुला ० आणि गुरुला १ म्हटले तर ते सूत्र ०१११०१०००१ असे होते. तीन-तीन अंकांचे सलग तुकडे पाडत गेलात तर ०११, १११, ११०, १०१, ०१०, १००, ०००, ००१ असे आठ तुकडे मिळतात, आणि दोन चिन्हांपासून तीन जागांवर होऊ शकणाऱ्या रचना नेमक्या आठच असतात. प्रत्येक रचना येते आणि एकही दोनदा येत नाही. शिवाय शेवटची दोन चिन्हे सुरुवातीच्या दोन चिन्हांसारखीच आहेत, म्हणून ती दोन काढून उरलेली आठ चिन्हे वर्तुळात मांडली तरी सर्व रचना मिळतात. आधुनिक गणितात अशा मांडणीला डच गणिती निकोलास द ब्रॉइन यांच्या नावाने ओळखतात. आठ रचना सलग तुकड्यांतून मिळवायच्या तर दहापेक्षा कमी अक्षरांत ते शक्यच नाही.

म्हणजे हे टिपण यापेक्षा लहान होऊ शकत नाही, हे सिद्ध करता येते. आपल्या वह्यांतील किती पानांविषयी असे म्हणता येईल?

गणमात्रा :
वर्गमूळ, छंदःशास्त्राच्या वहीत हा प्रतिसाद उतरवून ठेवत आहे. धागाकर्तीने गाळण्याविषयी विचारले होते. आता तक्ता नि:शंक मनाने गाळता येईल.

रात्रपाळी :
मी विद्यार्थी आहे, म्हणून जरा वेगळी बाजू मांडतो. इथे सगळे जण आदर्श वहीबद्दल बोलत आहेत. प्रत्यक्षात तासाला शिक्षक सांगतात आणि आम्ही लिहितो, कारण न लिहिल्यास वही अपूर्ण ठरते आणि अपूर्ण वहीचे गुण कापले जातात. घरी आल्यावर पुन्हा ‘स्वतःची’ टिपणे काढायला वेळ कुठून आणायचा? शिवाय अशी सांगून लिहवलेली टिपणे इतकी टाकाऊ असतात का?

जुनाबाक :
रात्रपाळी यांचा प्रश्न रास्त आहे, आणि उतरवून घेण्याची इतकी हेटाळणी मला मान्य नाही.

मायकेल फॅरडे हा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा मुलगा होता. १८१२ मध्ये त्याला रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकण्याची संधी मिळाली. त्याने ती काळजीपूर्वक टिपून घेतली, घरी विस्ताराने लिहून काढली, आकृत्या घातल्या, त्यांचा सुमारे तीनशे पानांचा ग्रंथ स्वतः बांधला आणि डेव्ही यांना पाठवला. पुढच्या वर्षी त्याला त्यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यकाची नोकरी मिळाली. उतरवून घेण्याची शिस्त नसती तर हे घडले नसते.

साहित्य आणि भाषा यांच्या अभ्यासातले उदाहरण आणखी बोलके आहे. भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर यांनी जिनिव्हा येथे १९०७ ते १९११ या काळात सामान्य भाषाविज्ञानावर तीन वेळा व्याख्यानमाला दिली, पण त्यावर पुस्तक लिहिले नाही. १९१३ मध्ये ते वारले. १९१६ मध्ये त्यांच्या नावाने जो ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ज्याने विसाव्या शतकातील भाषाविचार बदलला, तो मुख्यतः विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून तयार केलेला होता. विद्यार्थ्यांनी इमानाने उतरवून घेतले नसते, आपल्याला ‘महत्त्वाचे’ वाटले तेवढेच लिहिले असते, तर आज आपल्या हाती काय असते?

शब्दवेल्हाळ :
जुनाबाक, सोस्यूर यांचे उदाहरण दुधारी आहे. ज्या दोन संपादकांनी तो ग्रंथ सिद्ध केला ते स्वतः त्या व्याख्यानांना बसलेले नव्हते. वेगवेगळ्या विद्यार्थ्यांच्या वह्या जुळवून त्यांनी एक सलग मांडणी तयार केली, आणि मूळ वह्या नंतर अभ्यासकांसमोर आल्या तेव्हा ग्रंथातील मांडणी आणि व्याख्यानांचा क्रम यांत अंतर असल्याचे दिसून आले. सोस्यूर नेमके काय म्हणाले आणि संपादकांनी काय जोडले, हा आजही वादाचा विषय आहे. वहीत ‘हे वक्त्याचे’ आणि ‘हे माझे’ अशी खूण असणे किती आवश्यक आहे, हे यावरून कळावे. साध्या अवतरणचिन्हांनी ते काम होते, आणि नेमकी तीच विद्यार्थी घालत नाहीत.

परीक्षानळी :
फॅरडे यांच्या बाबतीत एक भर घालतो. त्यांच्या पुढील आयुष्यातील प्रयोगांच्या दैनंदिनीत परिच्छेदांना सलग क्रमांक आहेत आणि तो आकडा सोळा हजारांच्या वर गेलेला आहे. सलग क्रमांकामुळे नव्या नोंदीत जुन्या नोंदीचा हवाला नुसत्या आकड्याने देता येतो. विज्ञानाच्या वहीत पाने क्रमांकित करणे आणि ‘पाहा : पान अमुक’ असे लिहिणे ही सवय कोणत्याही रंगीत हायलाइटरपेक्षा उपयोगी आहे. म्हणजे तरुणपणी उतरवून घेणारे फॅरडे नंतर उतरवून घेत राहिले नाहीत. स्वतः पाहिलेले लिहू लागले आणि ते एकमेकांशी जोडू लागले.

वर्गमूळ :
रामानुजन यांचे उदाहरण कोणीतरी देणारच, म्हणून मीच देऊन टाकतो. त्यांच्या वह्यांत निष्कर्षांच्या रांगा आहेत आणि सिद्धता जवळजवळ नाहीत. ज्या पुस्तकावर ते वाढले ते कार यांचे संकलनही प्रमेयांची लांबलचक यादीच होते. शिवाय कागद महाग असल्याने आकडेमोड पाटीवर करून निष्कर्ष तेवढा वहीत लिहायचा, असा त्यांचा क्रम होता. परिणाम असा झाला की त्या वह्यांतील विधानांच्या सिद्धता देण्याचे गणिती ब्रूस बर्न्ट यांचे काम १९८५ ते १९९८ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झाले. ज्याला निष्कर्षाकडे जाण्याची वाट केव्हाही पुन्हा सापडते त्याने सिद्धता गाळाव्यात. इतरांनी तो मोह टाळावा.

कोरापान :
म्हणजे माझ्या वहीत सिद्धता नव्हत्या आणि निष्कर्षही नव्हते, तर मी रामानुजन यांच्या पुढचे पाऊल टाकले होते, असे समजण्यास हरकत नसावी.

तळटीप :
कोरापान, हरकत नाही. खंड प्रसिद्ध होतील तेव्हा कळवावे.

रात्रपाळी यांच्या वेळेच्या प्रश्नाकडे वळते, कारण तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. दुसऱ्यांदा टिपणे काढू नयेत, असेच माझे उत्तर आहे. तासाला लिहिलेली वही तशीच ठेवावी आणि तिच्यावर काम करावे. वहीला डावीकडे समास आखलेला असतोच, आणि तो बहुतेक वेळा तारीख लिहिण्यापुरता वापरला जातो. कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेल्या पद्धतीत उजवीकडे टिपण आणि डावीकडच्या अरुंद रकान्यात त्या टिपणावरचा प्रश्न किंवा खुणेचा शब्द लिहितात. मग उजवी बाजू झाकायची आणि प्रश्न पाहून उत्तर स्वतः उभे करायचे. तासाची वही पूर्ण राहते, गुण कापले जात नाहीत, आणि नवे लिहायचे ते पानामागे चार-पाच ओळी.

याला आधार आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने गद्य उतारा चार वेळा वाचला, आणि दुसऱ्या गटाने एकदा वाचून नंतर तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होते आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. वही पुन्हा पुन्हा वाचणाऱ्याला आपला अभ्यास झाल्याचे का वाटते आणि नंतर तो का फसतो, हे दोन्ही यात दिसते. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा तंत्रांचा आढावा घेतला, त्यात अधोरेखन आणि पुनर्वाचन यांची उपयुक्तता कमी ठरली, तर स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणे यांची जास्त.

पाटीपेन्सिल :
धागाकर्तीच्या ताज्या प्रतिसादामुळे मूळ प्रश्नच अडचणीत येत नाही का? समासात प्रश्न आणि उजवीकडे उत्तर, झाकून आठवणे, ही तर तिन्ही विषयांना चालणारी एकच पद्धत झाली. मग ‘तिन्ही वह्या सारख्या दिसतात’ ही तक्रार कशासाठी होती?

तळटीप :
हरकत योग्य आहे. रकान्यांची आखणी एकच राहू शकते हे मान्य. फरक प्रश्नात आहे. विज्ञानाच्या समासात ‘ओहमचा नियम काय?’ असा प्रश्न लिहिला तर तो वाया गेला. तिथे ‘हा नियम केव्हा लागू होत नाही?’ असा प्रश्न हवा. गणिताच्या समासात ‘इथे वर्ग का केला आणि त्याने काय बिघडू शकते?’ असा हवा. साहित्यात ‘कवितेचा आशय लिहा’ हा प्रश्न नको. ‘तिसऱ्या कडव्यात काळ अचानक का बदलला?’ असा हवा, ज्याचे उत्तर कविता पुन्हा उघडल्याशिवाय देता येत नाही.

शब्दवेल्हाळ :
इथे माझा थोडा मतभेद नोंदवते. झाकून आठवण्याची रीत साहित्याला पूर्णपणे लागू पडत नाही. प्रमेयाचे उत्तर आठवले म्हणजे ते आले. कवितेविषयीच्या प्रश्नाचे मागचे उत्तर हुबेहूब आठवले, तर उलट शंका घ्यावी की कविता पुन्हा वाचलीच गेली नाही. म्हणून साहित्याच्या वहीत मी उजवी बाजू झाकत नाही. ओळ तेवढी पाठ करते आणि अर्थ दरवेळी नव्याने लिहिते. परीक्षेत संदर्भासाठी ओळच लागते, आणि ती पाठ असली की अर्थाची बांधणी जागेवर करता येते.

जुनाबाक :
ओळ पाठ करायची, अर्थ नव्याने लिहायचा, हे पटले. आमच्या काळी याच्या नेमके उलट करवून घेतले जात असे.

रात्रपाळी :
सर्वांचे आभार. आज गणिताच्या वहीच्या समासात परवाने लिहायला सुरुवात केली आणि त्यात एक अडचण आली. भूमितीच्या प्रमेयात समासात काय लिहायचे? पायरीचे कारण तर सिद्धतेतच कंसात लिहिलेले असते. आणि आकृती आधी काढायची की विधान आधी लिहायचे?

वर्गमूळ :
विधान आधी लिहा आणि आकृती विधान वाचून स्वतः काढा. पुस्तकातली पाहून काढू नका. मग तीच आकृती दुसऱ्यांदा, शक्य तितकी वेडीवाकडी काढा. पहिल्या प्रयत्नात जवळजवळ प्रत्येक जण त्रिकोण समद्विभुज काढतो, पाया आडवा ठेवतो आणि शिरोलंब आतच पाडतो. मग ‘कोनदुभाजक समोरच्या बाजूला मध्यबिंदूत छेदतो’ असे आकृतीत दिसते आणि ते सिद्धतेत शिरते, जरी विधानात तसे काही दिलेले नसले तरी. दुसरी आकृती पायाशी विशालकोन असलेल्या त्रिकोणाची काढली की शिरोलंब बाहेर जातो, कोनदुभाजक मध्यबिंदूपासून सरकतो, आणि आपण काय गृहीत धरले होते ते उघडे पडते. कंसातील कारण पायरीपुरते असते. समासात लिहा ते हे: आकृतीत दिसते, पण दिलेले नाही.

परीक्षानळी :
बहिर्गोल भिंगाची किरणाकृती काढताना हेच करावे. वस्तू एकदा नाभीच्या बाहेर आणि एकदा नाभीच्या आत ठेवून दोन आकृत्या काढल्या की चिन्हसंकेत का लागतो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

रात्रपाळी :
दुसरी आकृती काढून पाहिली. शिरोलंब बाहेर गेला आणि माझी सिद्धता चौथ्या ओळीत अडली. आता नवी सिद्धता लिहीत आहे. जमली तर इथेच टाकतो.